स्वस्तात ओव्हरक्लॉकिंग करायचंय? आधी बोर्डाचं अक्षर वाचा

२०१८ साली मी एएमडीचा रायझन ५ २६०० हा प्रोसेसर घेतला आणि हजार-पंधराशे रुपये वाचवायच्या नादात त्याच्यासोबत ए३२० चिपसेटचा (चिपसेट म्हणजे बोर्डावरची मुख्य चिप) मदरबोर्ड उचलला. दुकानात दोनदा विचारलं होतं, "दादा, ह्यावर ओव्हरक्लॉक होईल ना?" तो म्हणाला, "रायझन सगळे अनलॉकच येतात साहेब." खोटं काही बोलला नाही तो. प्रोसेसर अनलॉकच, म्हणजे वेग बदलायला मोकळा होता, कुलूप बोर्डाला होतं. रात्री साडेअकराला नाशिकच्या सिडकोतल्या घरी बायोसची, म्हणजे बोर्डाच्या आतल्या सेटिंगची, पानं उलटत मी प्रोसेसरचा वेग ठरवणाऱ्या मल्टिप्लायरची ओळ शोधत बसलो. ती तिथं नव्हतीच.

मी अंबडला एका कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्स बघतो. कॉम्प्युटर जोडणं हा सुट्टीचा नाद. मध्यंतरी भाच्याचा फोन आला, "मामा, ओव्हरक्लॉक होईल असा बोर्ड सांग ना, पण बजेट कमी आहे." त्याला तासभर जे सांगितलं तेच इथं जरा नीट लावून लिहितोय. पहिल्यांदाच पीसी बांधणाऱ्याला डोळ्यांसमोर ठेवलंय, त्यामुळे जाणकारांनी मधली पानं खुशाल ओलांडावीत.

पायरी पहिली: हवंय काय ते ठरवा

ओव्हरक्लॉकिंग म्हणजे कंपनीने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा प्रोसेसर किंवा रॅम जास्त वेगाने पळवणं. एकेकाळी यात खरंच घबाड हाती लागायचं. १९९८ चा इंटेलचा सेलेरॉन ३००ए हा ३०० मेगाहर्ट्झचा प्रोसेसर. त्याची बस, म्हणजे बोर्डाशी बोलण्याचा मूळ वेग, ६६ वरून १०० वर नेली की तो ४५० वर पळायचा. फुकटात दीडपट! आताचे प्रोसेसर स्वतःच तापमान आणि वीज बघून वर चढतात, म्हणजे कंपनीनेच बरीचशी मलई आधी काढून घेतलेली असते. हाताने ढकलून मिळणारा फायदा बहुतेक वेळा काही टक्क्यांचाच.

मग करायचं कशाला? तीन गोष्टींसाठी. एक, रॅम. डीडीआर५ (रॅमची नवी पिढी) ची ६००० ची जोडी घेऊन ती मूळ ४८०० वरच चालवणारी माणसं मी पाहिली आहेत. बायोसमध्ये एक्सएमपी किंवा एक्स्पो नावाचं वेगाचं तयार प्रोफाइल चालू केलं की झालं, पण तेही तांत्रिकदृष्ट्या ओव्हरक्लॉकिंगच. दोन, रायझनमधली पीबीओ (वीजमर्यादा वाढवणारी) आणि कर्व्ह ऑप्टिमायझर (व्होल्टेज कमी करणारी) ही सोय, ज्यात व्होल्टेज कमी करूनही वेग वाढतो. तीन, शिकायची हौस. तिसरं कारण मला सगळ्यात पटतं, पण बायकोला सांगताना पहिलं सांगावं.

यातलं नुसतं पहिलंच हवं असेल तर महागडा बोर्ड लागतच नाही. तसं असेल तर पुढच्या पायरीतलं रॅमपुरतं वाचा आणि उरलेले पैसे ग्राफिक कार्डात घाला.

पायरी दुसरी: चिपसेटचं अक्षर

बोर्डाच्या नावात एक अक्षर आणि तीन आकडे असतात. बी६५०, झेड७९०, एच६१० वगैरे. पुढे "गेमिंग", "प्रो", "प्लस" असली शेपटं असतात, ती कंपनीच्या जाहिरात खात्याने लावलेली. कुलूप आहे की नाही ते अक्षर-आकड्यावरून कळतं.

इंटेलकडे नियम कडक. प्रोसेसरच्या नावाच्या शेवटी के हवा (१२६००के, १३६००केएफ असा, एफ असला तर आत ग्राफिक नाही, एवढंच) आणि बोर्ड झेड मालिकेचा हवा. दोन्ही जुळले तरच मल्टिप्लायर हलतो. एलजीए १७०० सॉकेटला (सॉकेट म्हणजे प्रोसेसर बसतो ती जागा), म्हणजे १२व्या ते १४व्या पिढीला, झेड६९० आणि झेड७९०. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये आलेल्या कोअर अल्ट्रा २०० मालिकेच्या एलजीए १८५१ ला झेड८९०. बी६६०, बी७६०, बी८६० वर रॅमचा वेग वाढवता येतो, प्रोसेसरचा नाही. एच६१० वर रॅमचाही नाही. के प्रोसेसर बी बोर्डावर बसवला तर तो छान चालतो, पण के साठी मोजलेले जादा पैसे बरेचसे पाण्यात.

२०२२ च्या सुरुवातीला काही मोजक्या बी६६० बोर्डांवर बिनकेचे प्रोसेसर बेस क्लॉक (मल्टिप्लायर ज्याला गुणतो तो मूळ वेग) वाढवून पळवता येत होते. बोर्डावर त्यासाठी वेगळा क्लॉक जनरेटर लागायचा. इंटेलला ते आवडलं नाही आणि पुढे वाट बंद झाली. आज कोणी तुम्हाला तो जुना व्हिडिओ दाखवून बी६६० विकत असेल तर चहा पिऊन उठा.

एएमडीकडे दार मोठं. रायझन बहुतेक सगळे अनलॉक, आणि बी मालिकेच्या बोर्डावरही ओव्हरक्लॉक चालतं. एएम४ सॉकेटला बी३५०, बी४५०, बी५५० आणि एक्स मालिका. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आलेल्या एएम५ ला बी६५०, बी८५० आणि एक्सची मंडळी. ए मालिका बाद: ए३२०, ए५२०, ए६२०. ए६२० वर रॅम तेवढी वाढते. आणि एक नवा खड्डा लक्षात ठेवा, बी८४०. नावात बी आहे, पण प्रोसेसर ओव्हरक्लॉक नाही. दुकानात बी८४० आणि बी८५० चे खोके शेजारीशेजारी असतात, घाईत एका आकड्यात फसायला होतं.

प्रोसेसरमध्येही अपवाद आहेत. ५८००एक्स३डी आणि ७८००एक्स३डी यांचा मल्टिप्लायर हलत नाही; ९८००एक्स३डी चा हलतो.

माझं मत विचाराल तर कमी बजेटमध्ये एएमडीची बी मालिकाच. झेड बोर्ड, के प्रोसेसर आणि त्याला लागणारा मोठा कूलर हे तिन्ही धरले की "स्वस्त" हा शब्द निघूनच जातो. जवळ डीडीआर४ रॅम पडून असेल तर बी५५०, सगळं नवं घ्यायचं असेल तर बी६५० किंवा बी८५०. एएम५ वर डीडीआर५ च लागते, आणि हे सॉकेट २०२७ आणि त्यापुढेही चालवू असं एएमडीने जाहीर केलेलं आहे, म्हणजे दोन वर्षांनी बोर्ड तोच ठेवून नुसता प्रोसेसर बदलता येईल.

पायरी तिसरी: व्हीआरएम, म्हणजे बोर्डाचं खरं इंजिन

इथं मी जरा रेंगाळणार आहे, कारण हे माझ्या रोजच्या कामाच्या जवळचं आहे.

एसएमपीएसमधून, म्हणजे पीसीच्या वीजपेटीतून, बोर्डाला १२ व्होल्ट येतात. प्रोसेसरला लागतात सव्वा व्होल्टच्या आसपास. मधला उतार करणारी यंत्रणा म्हणजे व्हीआरएम. आता गणित करा. रायझन ७ ७७००एक्स च्या खोक्यावर १०५ वॅट लिहिलंय, पण सॉकेटमधून तो १४२ वॅटपर्यंत घेऊ शकतो. १४२ भागिले सव्वा, म्हणजे शंभराच्या वर अँपिअर. घरातला दीड टनाचा एसी सात-आठ अँपिअर ओढतो, त्याला आपण जाड वायर आणि वेगळा एमसीबी लावतो. इथं त्याच्या तेरा-चौदापट करंट तळहाताएवढ्या जागेतून जातोय. व्होल्टेज कमी म्हणून शॉक बसत नाही, पण उष्णता व्हायची ती होतेच. नव्वद टक्के कार्यक्षमता धरली तरी पंधरा-सोळा वॅट त्या चिमुकल्या चिपांत जळतात. पंचवीस वॅटचं सोल्डरिंग आयर्न हातात धरून बघा, म्हणजे पंधरा वॅट किती ते कळेल.

हा भार वाटून घेण्यासाठी व्हीआरएमचे फेज असतात. प्रत्येक फेजमध्ये करंट चालू-बंद करणारे मॉसफेट, एक चोक आणि कपॅसिटर. चोक ओळखायला सोपे: प्रोसेसरच्या डाव्या आणि वरच्या बाजूला ओळीने बसवलेले काळे-करडे चौकोनी ठोकळे. ते मोजले की फेजचा अंदाज येतो. खोक्यावर ८+२ लिहिलं असेल तर आठ प्रोसेसरच्या गाभ्यासाठी आणि दोन एसओसीसाठी, म्हणजे मेमरी कंट्रोलर वगैरे भागासाठी.

पण नुसते ठोकळे मोजून फसू नका. काही बोर्डांत एकाच फेजवर दोन-दोन चोक जोडून आकडा फुगवलेला असतो. ते वाईट असतं असं नाही, भार वाटलाच जातो, पण बारा खरे फेज आणि सहाची जोडी यांत फरक आहे. त्याहून महत्त्वाचं म्हणजे मॉसफेट कोणते. सुटे वरचे-खालचे मॉसफेट असतील तर बोर्ड स्वस्त आणि जास्त तापणारा. डीआरमॉस किंवा पॉवर स्टेज (एकाच चिपेत एकत्र केलेले मॉसफेट) असं लिहिलं असेल, आणि त्यापुढे ५० अँपिअर, ६० अँपिअर असा आकडा असेल, तर चांगली खूण. कंपनीच्या संकेतस्थळावर बोर्डाच्या पानावर हा आकडा नसेल तर बहुतेक वेळा तो सांगण्यासारखा नसतो.

दुकानात काय बघायचं? खोकं उघडायला लावा, मोबाइलची टॉर्च लावा आणि तिरक्या उजेडात व्हीआरएमवरचा हीटसिंक बघा. धातूचा भरीव ठोकळा, त्याला खाचा पाडून हवा खेळायला जागा केलेली, बोर्डाला मागून स्क्रूने आवळलेला: उत्तम. प्लास्टिकच्या टोपणांनी अडकवलेला, खाली पातळ पत्रा आणि वर चकचकीत आवरण: तो नुसता शोभेला. आणि एक युक्ती स्वस्त बोर्डांत हमखास दिसते. डाव्या बाजूच्या फेजवर हीटसिंक, वरच्या बाजूचे उघडे. फोटोत कळत नाही, समोर टॉर्च धरली की लगेच दिसतं. शेवटी हीटसिंक बोटांनी हळूच हलवून बघा. हलला तर खाली थर्मल पॅड नीट बसलेला नाही.

सहा कोअरच्या प्रोसेसरला सहा ते आठ बरे फेज आणि हीटसिंक पुरे. आठ कोअर, १०५ वॅटवाला असेल तर आठ फेज ५०-६० अँपिअरचे बघा. बारा किंवा सोळा कोअर घेऊन स्वस्त बोर्डावर ओव्हरक्लॉक करायचा विचार असेल तर तो सोडूनच द्या.

आता नाशिकचा मुद्दा. लोक आपल्याला थंड हवेचं गाव समजतात, निफाडचा पारा पेपरात छापून येतो, पण एप्रिल-मेच्या दुपारी चाळिशी गाठते आणि वरच्या मजल्यावरच्या खोलीत पस्तीस-छत्तीस सहज असतं. बोर्डांच्या चाचण्या मात्र बहुधा वीस-पंचवीस अंशांच्या खोलीत होतात. त्यांत व्हीआरएम ८० दिसलं तर आपल्याकडे मे महिन्यात दहा-पंधरा अंश मिळवून धरायचं. मॉसफेट बहुधा सव्वाशेच्या वरही जगतात, पण बोर्ड त्याआधीच घाबरून प्रोसेसरचा वेग पाडतो. मग गेममध्ये सगळं सुरळीत चालता चालता अचानक झटके बसतात आणि माणूस ग्राफिक कार्डाला शिव्या घालतो. माझ्या दुसऱ्या बोर्डाने हे दोन उन्हाळे केलं. शेवटी कारखान्यातल्या पॅनेलचा जुना पंखा... तो किस्सा नको, आवाज फार होता. हल्ली १२० मिलिमीटरचा साधा कॅबिनेट फॅन मागे लावला की काम भागतं.

वॉटर कूलर लावणाऱ्यांनी एक लक्षात ठेवावं. प्रोसेसरसोबत येणारा साधा गोल पंखा खाली फुंकतो, त्याची हवा आपसूक व्हीआरएमला लागते. वॉटर कूलरमध्ये ती हवाच जाते. प्रोसेसर गार, व्हीआरएम गरम.

पायरी चौथी: बिघडलं तर परत कसं यायचं

ओव्हरक्लॉकिंग करताना मशीन बंद पडणारच. तेव्हा बोर्ड तुम्हाला घरी परत आणतो की नाही हे महत्त्वाचं.

बायोस फ्लॅशबॅकचं बटण मागच्या पट्टीवर असलेला बोर्ड घ्या. हजारभर रुपये जास्त गेले तरी घ्या. पेनड्राइव्ह फॅट३२ मध्ये फॉरमॅट करायचा, कंपनीने सांगितलेल्या नावाने फाइल ठेवायची, ठरलेल्या यूएसबी खाचेत लावायचा, बटण दाबून धरायचं. दिवा मिचमिचत राहतो आणि काही मिनिटांत नवा बायोस चढतो. प्रोसेसर, रॅम काहीच लागत नाही, फक्त एसएमपीएस जोडलेला हवा. याचा दुसरा उपयोग खरेदीच्या दिवशीच होतो. दुकानात पडून असलेल्या जुन्या बी६५० वर नवा रायझन ९००० बसवला तर जुना बायोस त्याला ओळखत नाही. बी४५० वर ५००० मालिकेचंही तसंच. बटण नसेल तर दुकानदाराकडून बायोस अपडेट करूनच घ्या.

बायोस चढवताना दिवे गेले तर मात्र पंचाईत. महावितरणचा एक डोळा मिचकावला तरी पुरतो. घरच्या इन्व्हर्टरवर विसंबू नका, काही इन्व्हर्टर वीज बदलताना इतका वेळ घेतात की पीसी रीस्टार्ट होतो. कॉम्प्युटरचा यूपीएस हवा, नाहीतर ढग भरून आलेले नसतील अशी संध्याकाळ निवडा.

जुन्या बी४५० बोर्डांबद्दल आणखी एक. त्यांतल्या अनेकांत बायोसची चिप १६ मेगाबाइटची होती. एएम४ वर प्रोसेसर इतके येत गेले की सगळ्यांचा कोड मावेना. मग कुठे जुन्या प्रोसेसरांची नावं काढली, कुठे मेनू साधे केले. जुना बोर्ड घेणार असाल तर ३२ मेगाबाइटवाला बघा.

बोर्डाच्या कडेला सीपीयू, डीरॅम, व्हीजीए, बूट असे चार बारीक दिवे असतील तर अडलंय कुठे ते लगेच कळतं. सीमॉस पुसायचा, म्हणजे बायोसची सेटिंगं मूळपदावर आणायचा, जंपर कुठे आहे ते मॅन्युअलमध्ये बघून ठेवा. ग्राफिक कार्डाखाली लपलेला असेल तर दरवेळी कार्ड काढावं लागेल, आणि पहिल्या आठवड्यात ते दहादा काढाल.

पायरी पाचवी: रॅमच्या खाचा

दोनच कांड्या घ्या. चार खाचा दिसल्या म्हणून चार भरू नका. एएम५ वर चार कांड्या लावल्या की अधिकृत वेग ३६०० वर घसरतो, दोन कांड्यांवर एक्स्पो लावून ६००० आरामात मिळतो. रायझन ७००० आणि ९००० ला ६००० हाच मोक्याचा आकडा आहे, ७२०० च्या मागे लागून पैसे घालवू नका. एएम४ वर तसाच मोक्याचा आकडा ३६००.

कंपनीच्या पानावर बोर्डाने तपासलेल्या रॅमची यादी असते. आपली कांडी त्यात असेल तर निम्मी डोकेदुखी कमी. इंटेलवाल्यांनी बोर्ड डीडीआर४ चा की डीडीआर५ चा ते नावात नीट वाचावं. एलजीए १७०० वर दोन्ही प्रकारचे बोर्ड आहेत आणि एकाची रॅम दुसऱ्यात शिरत नाही.

बाकी वायफाय, एम.२ च्या (एसएसडीच्या) किती खाचा, आरजीबीचे रंगीत दिवे, लहान आकाराचा मायक्रो एटीएक्स की मोठा एटीएक्स, हे तुमच्या गरजेप्रमाणे. मायक्रो एटीएक्समध्ये बहुधा तेवढ्याच व्हीआरएमचा बोर्ड कमी पैशांत मिळतो. वरच्या कोपऱ्यातला वीजजोड मात्र आठ पिनांचा हवा, चार पिनांचा नको.

पायरी सहावी: खरेदी

एम. जी. रोड किंवा कॅनडा कॉर्नरच्या दुकानात जायच्या आधी दोन-तीन बोर्डांची पूर्ण नावं कागदावर लिहून न्या. पूर्ण म्हणजे शेवटच्या अक्षरापर्यंत. एकाच नावाचे वायफायवाले आणि बिनवायफायचे, डीडीआर४ आणि डीडीआर५, कधी तर हीटसिंक कमी केलेले भाऊ असतात. "तो नाही साहेब, पण हा घ्या, सेमच आहे" असं कोणी म्हटलं की मोबाइल काढून दोघांची व्हीआरएमची ओळ ताडून बघा. सेम नसतो.

भाव दर महिन्याला हलतात, त्यामुळे ढोबळच सांगतो: बरा बी५५० आठ ते बारा हजारांत, बी६५० त्याच्या दोन-तीन हजार वर, आणि झेड७९० ची गाडी बहुधा त्याहून बरीच पुढे सुरू होते. बोर्डावर प्रोसेसरपेक्षा जास्त पैसे जात असतील तर थांबा. त्या फरकात वरचा प्रोसेसर येतो का ते बघा, तो कुठल्याही ओव्हरक्लॉकपेक्षा जास्त देईल.

मुंबईला लॅमिंग्टन रोडच्या कॉम्प्युटर बाजारात जावं का? सकाळच्या पंचवटी एक्स्प्रेसने निघा, दादरला उतरून लोकलने ग्रँट रोड. दोन-तीन भाग एकदम घ्यायचे असतील आणि फिरायची हौस असेल तर परवडतं. नुसत्या बोर्डासाठी मी जाणार नाही. वाचलेले पाचशे रुपये भाड्यात, वडापावात आणि पुढे वॉरंटीसाठी कुरिअर करण्यात जातात. रविवारी तर जाऊच नका, बहुतेक दुकानं बंद असतात.

जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर बोर्डाचा सिरियल नंबर लिहून घ्या. बोर्डाची वॉरंटी बहुधा तीन वर्षं असते. आणि दुकानातच, पैसे द्यायच्या आधी, सॉकेटवरचं प्लास्टिक झाकण काढून आतल्या पिनांचा फोटो काढा. एएम५ आणि इंटेलच्या बोर्डांत पिना बोर्डावर असतात, केसासारख्या. एक वाकलेली निघाली की सर्व्हिस सेंटर म्हणतं ग्राहकाने वाकवली. उजेड सगळ्या पिनांवर एकसारखा चमकला पाहिजे. एखाद्या ठिकाणी ओळ तुटल्यासारखी दिसली तर दुसरा खोका मागा. झाकण जपून ठेवा, वॉरंटीला बोर्ड पाठवताना ते लागतं.

वॉरंटीचं खरं सांगायचं तर ओव्हरक्लॉकमुळे झालेलं नुकसान इंटेल आणि एएमडी दोघांच्याही वॉरंटीत बसत नाही. कोणी सहसा विचारत नाही, पण नियम माहीत असावा.

पायरी सातवी: पहिली संध्याकाळ

बोर्ड आणला, जोडला. एएम५ वर पहिल्यांदा सुरू करताना स्क्रीन काही मिनिटं काळीच राहते. बोर्ड रॅमशी जुळवून घेत असतो, त्याला मेमरी ट्रेनिंग म्हणतात. भाच्याने दुसऱ्याच मिनिटाला बटण दाबून बंद केलं, परत चालू, परत बंद. रडकुंडीला येऊन फोन, "मामा, बोर्ड मेलाय." म्हटलं, चहा कर, पी, मग बघ. चहा होईपर्यंत बायोस आला होता.

आधी नवा बायोस चढवा, मगच छेडछाड. यामागे कारणं आहेत. २०२३ मध्ये काही रायझन ७०००एक्स३डी जळाले, त्यानंतर एसओसी व्होल्टेजवर १.३ ची मर्यादा बायोसमधून आली. २०२४ मध्ये इंटेलच्या १३व्या-१४व्या पिढीचे काही प्रोसेसर जादा व्होल्टेजने कायमचे अस्थिर होत होते, त्याचा उपायही मायक्रोकोडच्या (प्रोसेसरच्या आतल्या सूचनांच्या) रूपात बायोसमधूनच आला. जुन्या बायोसवर ओव्हरक्लॉक म्हणजे ब्रेक न तपासता कसारा घाट उतरणं.

मग एका वेळी एकच बदल. पहिला दिवस फक्त एक्स्पो किंवा एक्सएमपी, आणि रात्रभर रॅम तपासणारं मेमटेस्ट८६. एकही चूक निघाली तर रॅम एक पायरी खाली. दुसऱ्या दिवशी पीबीओ. इथं "मदरबोर्ड लिमिट" असा पर्याय दिसेल. स्वस्त बोर्डावर त्याला हात लावू नका, तो व्हीआरएमची सगळी मर्यादा उघडी करतो. आकडे हाताने भरा. भाच्याचा रायझन ५ ७६०० मूळचा ८८ वॅटपर्यंत जातो, त्याला आम्ही ११० दिले, बस्स. कर्व्ह ऑप्टिमायझर सगळ्या कोअरना वजा १० पासून सुरू करून वजा १५, वजा २० असं सरका. गंमत अशी की कर्व्ह जास्त खेचला तर मशीन जड कामात नाही, रिकामं बसलेलं असताना बंद पडतं. म्हणून सिनेबेंचची जड कामाची चाचणी पास झाली म्हणून नाचू नका. दोन दिवस नेहमीसारखं वापरा, रात्री चालू ठेवून झोपा.

इंटेलवाल्यांनी मल्टिप्लायर एकेक पायरीने वाढवा, लोड लाइन कॅलिब्रेशन (भार आला की व्होल्टेज किती सावरायचं ते ठरवणारं सेटिंग) मधल्या पायरीवर ठेवा. टोकाच्या पायरीवर व्होल्टेज उसळी मारतं.

तापमान दाखवणारं एचडब्ल्यूइन्फो उघडा, प्रोसेसरवर ताण देणारं ओसीसीटी अर्धा तास चालवा आणि प्रोसेसरइतकंच लक्ष व्हीआरएमच्या तापमानावर ठेवा. नव्वदच्या आत असेल तर छान, शंभराकडे सरकत असेल तर वॅट कमी करा किंवा पंखा लावा. स्वस्त बोर्डांत कधीकधी हा सेन्सरच नसतो. मग आमची मोटार तपासायची जुनी पद्धत: हीटसिंकच्या धातूला, फक्त धातूलाच, जपून बोट लावा. पाच सेकंद टेकवून ठेवता आलं तर चिंता नाही. चटकन मागे आलं तर साठीच्या पुढे आहे, आणि आतला मॉसफेट त्याहून गरम. ही तपासणी दुपारी तीन वाजता करा, रात्री नको. डिसेंबरात जमवलेलं सेटिंग मे महिन्यात कोसळतं, म्हणून हिवाळ्यात बांधलेल्या मशीनला पाच-दहा वॅटांची ढील ठेवूनच द्या.

सगळं जमलं की बायोसमध्ये प्रोफाइल म्हणून जतन करा आणि शिवाय प्रत्येक पानाचा मोबाइलवर फोटो काढा, कारण बायोस अपडेट केला की जुनी प्रोफाइलं बहुतेक वेळा उघडत नाहीत. फोटोंसाठी वेगळा फोल्डर करा. भाच्याचे मिसळीच्या फोटोंत मिसळून गेले होते, ते शोधण्यात आमचा पाऊण तास गेला.